डबा दिसत नाही, मग गेला कुठे?

"अगं, डबा गेला." मामाचा आवाज असा, की मला आधी वाटलं घरात कुणाचं तरी काही बरंवाईट झालंय.

डबा म्हणजे नॅस. नेटवर्क-अटॅच्ड स्टोरेज असं लांबलचक नाव असलेली, दोन हार्ड डिस्क पोटात घेऊन बसणारी छोटी पेटी. ती संगणकाला थेट जोडत नाहीत, राउटरला जोडतात; मग घरातला कुठलाही संगणक, फोन किंवा टीव्ही तिच्यातलं काढू शकतो, तिच्यात ठेवू शकतो. गिरगावातल्या मामाच्या डब्यात त्याने चौपाटीवर काढलेले विसर्जनाचे तीसेक वर्षांचे फोटो आहेत. निगेटिव्ह एकेक करून स्कॅन केलेल्या. सगळे मिळून ५०० जीबीच्या आसपास.

"गेला म्हणजे? दिवे लागलेत का?"

"सगळे लागलेत. पण कॉम्प्युटरवर दिसत नाही. नेटवर्कमध्ये नाही, आणि त्या झेड ड्राइव्हवर लाल फुली आलीय." (झेड ड्राइव्ह म्हणजे मामाच्या संगणकात डब्याला दिलेलं अक्षर.)

"दिसत नाही" हे मामाचं वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण त्यात तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात. डबा आहे हे कळणं वेगळं, डब्यापर्यंत पोहोचणं वेगळं, आणि डब्याने आत घेणं वेगळं. या तिन्ही कामांची यंत्रणा वेगळी, तिन्ही वेगवेगळ्या माणसांनी रचलेली. पडद्यावर मात्र तिन्ही बिघाडांना जवळपास एकच उत्तर मिळतं: सापडत नाही. मग माणूस डबा बंद करून चालू करतो, राउटर बंद करून चालू करतो, आणि शेवटी मला फोन करतो.

कळण्यापासून सुरू करू. विंडोजच्या "नेटवर्क" खिडकीत जी चित्रं दिसतात ती कुठल्या यादीतून येत नाहीत. चाळीत कुणी नवीन आलं की काय होतं? गॅलरीत उभं राहून कोणीतरी ओरडतं, "बारा नंबरमध्ये कोण आलंय हो?" आणि बारा नंबरवाला आतून "मी, मी" म्हणतो. घरातल्या नेटवर्कवर अगदी हेच चालतं. जुन्या काळी हे ओरडणं नेटबायोस नावाच्या पद्धतीने व्हायचं, त्यात नाव जास्तीत जास्त १५ अक्षरांचं. आजचं विंडोज डब्ल्यूएस-डिस्कव्हरी वापरतं, ॲपलवाले एमडीएनएस. पद्धती बदलल्या, ओरडणं कायम. आणि गॅलरीतली हाक शेजारच्या चाळीत जात नाही, तसा हा पुकारा राउटरच्या पलीकडे जात नाही.

म्हणून या खिडकीवर माझा फारसा विश्वास नाही. डबा ठणठणीत असतो, फायली उघडत असतात, आणि चित्र मात्र गायब. त्यात विंडोजने तुमचं नेटवर्क "सार्वजनिक" ठरवलं असेल, तर ते कानात बोळे घालूनच बसतं. विमानतळावरच्या वायफायवर ते शहाणपणाचं, घरात नाही. नवीन राउटर आला की विंडोजला ते नवीन नेटवर्क वाटतं आणि बऱ्याचदा ते मुकाट्याने सार्वजनिकच्या खात्यात टाकलं जातं.

मी मामाला सांगितलं, फाइल एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीत दोन उलट्या तिरप्या रेघा काढ आणि पुढे डब्याचा पत्ता लिही: १९२.१६८.१.५०. पुकारा करायचा नाही, सरळ दारात जायचं. चित्र नसताना डबा उघडला, तर भानगड फक्त कळण्याची. उघडला नाही. म्हणजे पोहोचण्यातच काहीतरी होतं.

हा पत्ता काय प्रकार आहे ते बघण्यासारखं आहे. इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते ३२ बिटांचे, म्हणजे एकूण साधारण ४२९ कोटी. ते पुरणार नाहीत हे १९९०च्या आसपासच लक्षात आलं होतं. १९९६ साली तीन पट्टे घरगुती वापरासाठी पक्के राखून ठेवले गेले: १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१, आणि १९२.१६८ ने सुरू होणारे. हे कुणीही, कितीही घरांत, कुणाला न विचारता वापरावेत. गिरगावातल्या प्रत्येक चाळीत खोली नंबर १२ आहे, आणि त्यामुळे कुणाचं काही अडत नाही, कारण चाळीच्या आत तेवढा नंबर पुरतो. मामाच्या घरातला १९२.१६८.१.५० आणि माझ्या गोरेगावच्या घरातला १९२.१६८.१.५० यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही.

संगणक काही पाठवण्याआधी एकच प्रश्न विचारतो: समोरचा पत्ता माझ्याच चाळीतला का? याचं उत्तर सबनेट मास्कवरून मिळतं. घरोघरी तो २५५.२५५.२५५.० असतो; त्याचा अर्थ, पहिले तीन आकडे चाळीचे, शेवटचा खोलीचा. पहिले तीन जुळले तर संगणक गॅलरीत हाक मारतो, "पन्नास नंबर कोण?" (या हाकेला एआरपी म्हणतात, १९८२ची पद्धत आहे), आणि उत्तर आलं की थेट माल पोहोचवतो. जुळले नाहीत, तर पाकीट राउटरच्या हाती देऊन मोकळा.

आता मामाला पिंग करायला लावलं. पिंग हा माइक मूस नावाच्या अमेरिकी प्रोग्रामरने डिसेंबर १९८३ मध्ये लिहिलेला छोटासा प्रोग्राम. पाणबुडीचा सोनार पाण्यात "पिंग" सोडून प्रतिध्वनीची वाट बघतो, नाव त्यावरून. कमांड प्रॉम्प्ट नावाच्या काळ्या खिडकीत पिंग लिहायचं, पुढे पत्ता, एंटर. लोक उत्तर आलं की नाही एवढंच बघतात. खरी गंमत उत्तर न येण्यातल्या फरकात आहे. "डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल" असं आलं, आणि ते तुमच्याच संगणकाच्या पत्त्यावरून आलं, तर गॅलरीत हाक मारली पण त्या खोलीतून कोणी ओ दिली नाही: डबा बंद आहे, वायर निघालीय किंवा पत्ता बदललाय. "रिक्वेस्ट टाइम्ड आउट" आलं तर पाकीट निघालं, कुठेतरी गेलं, आणि परतीचं काहीच आलं नाही.

मामाकडे दुसरं आलं. चारही वेळा.

डबा त्याच टेबलावर, त्याच राउटरला वायरने जोडलेला. मग पाकीट जातंय कुठे? मी विचारलं, "मामा, या आठवड्यात कोणी आलं होतं का घरी?"

"केबलवाला आला होता. नवीन राउटर बसवून गेला. म्हणाला, स्पीड वाढेल."

त्याच काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग लिहायला सांगितलं; संगणक स्वतःचा पत्ता सांगतो. मामाच्या संगणकाचा पत्ता निघाला १९२.१६८.०.७. जुना राउटर १९२.१६८.१ चे पत्ते वाटायचा, नवा १९२.१६८.० चे. चाळीचं रीडेव्हलपमेंट झालं, सगळ्यांना नवे नंबर मिळाले, आणि एक म्हातारा भाडेकरू जुन्याच नंबराची पाटी लावून बसला. संगणकाला तो पत्ता परक्या चाळीतला वाटत होता, म्हणून हातभर अंतरावरच्या डब्यासाठीचं पाकीट तो इमानेइतबारे राउटरला देत होता, राउटर ते इंटरनेटच्या दिशेने ढकलत होता, आणि खाजगी पत्त्याला बाहेर कुणी विचारत नसल्यामुळे ते वाटेत कुठेतरी फेकलं जात होतं.

पण डब्याने नवा पत्ता का घेतला नाही? इथे मला कबुली द्यावी लागते. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी अख्ख्या मुंबईची वीज गेली होती, आठवत असेल. लोकलही जागच्या जागी थांबल्या. वीज परत आल्यावर राउटरने पत्ते पुन्हा वाटले. ते वाटप डीएचसीपी करतं, आणि प्रत्येक पत्ता ठरावीक मुदतीच्या भाडेपट्ट्यावर दिला जातो. मामाच्या राउटरने आधीची वही पुसून टाकली होती. डबा जागा व्हायला पाचेक मिनिटं लागतात, तेवढ्यात मामीच्या फोनने त्याचा नंबर पटकावला. झेड ड्राइव्ह गेला. तेव्हा मीच मोठ्या हुशारीने डब्यातच जाऊन ५० हा पत्ता कायमचा ठोकून दिला होता.

तेव्हाचं औषध आता रोग झालं होतं. पत्ता डब्यात ठोकण्यापेक्षा राउटरला सांगावं की या डब्याला नेहमी हाच नंबर दे. याला रिझर्वेशन म्हणतात. राउटर बदलला तर रिझर्वेशन जाईल, हे खरं. पण डबा निदान नव्या मालकाकडे नवा नंबर मागेल, जुनी पाटी कवटाळून बसणार नाही.

दुरुस्ती फोनवर जमेना, म्हणून रविवारी चर्नी रोडला उतरले. उपाय सोपा होता. मामाच्या संगणकाला तात्पुरता हाताने १९२.१६८.१.२० हा पत्ता दिला, म्हणजे त्यालाही जुन्या चाळीत राहायला पाठवलं. तार तीच, राउटर तोच. एकाच तारेवर दोन चाळी नांदू शकतात, कारण चाळ ही फक्त आकड्यांची समजूत आहे. पिंगला लगेच उत्तर आलं. ब्राउझरमध्ये डब्याचं पान उघडलं, पत्ता "आपोआप" केला, संगणकही पूर्ववत केला, नव्या राउटरमध्ये रिझर्वेशन केलं. पाच मिनिटांचं काम. चहा यायच्या आत.

चहा आला आणि डब्याने पासवर्ड मागितला. मामाने टाकला. चूक. पुन्हा टाकला. चूक.

ही तिसरी पायरी, आत घेण्याची. फायलींची देवाणघेवाण ज्या भाषेत चालते तिचं नाव एसएमबी. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी तिचा पाया घातला, पुढे मायक्रोसॉफ्टने वाढवली. पण घरगुती डबे बहुतेक लिनक्सवर, म्हणजे विंडोजहून वेगळ्या प्रणालीवर, चालतात. त्यांना ही भाषा शिकवली अँड्र्यू ट्रिजेल या ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्याने १९९१-९२ च्या सुमारास. त्याच्या प्रोग्रामला नाव हवं होतं, तेव्हा त्याने संगणकातल्या शब्दयादीत एस, एम, बी ही अक्षरं याच क्रमाने येणारे शब्द शोधले. "सांबा" मिळाला. सांबार मिळालं असतं तरी चाललं असतं म्हणा.

मामाचा पासवर्ड बरोबर होता. घोळ असा की विंडोज एका सर्व्हरशी, म्हणजे इथे डब्याशी, एका वेळी एकाच नावाने बोलतं. मी आत्ताच पत्ता तपासताना माझ्या नावाने डबा उघडला होता. ती ओळख विंडोजने धरून ठेवली आणि मामाचं नाव ऐकेना. विंडोज जिथे नावं-पासवर्ड जपून ठेवतं त्या क्रेडेन्शियल मॅनेजरमधून जुनी नोंद काढली, संगणक बंद करून चालू केला, झालं. "पासवर्ड चुकला" असं दिसलं की पासवर्ड बदलायला धावू नका. आधी कोण म्हणून शिरताय ते बघा. बिनपासवर्डच्या "पाहुणा" खात्याने डबा वापरणाऱ्यांना विंडोज ११ च्या २०२४ च्या मोठ्या अपडेटनंतर अचानक दार बंद झालं, तेही याच पायरीवर.

फारच जुना डबा असेल तर आणखी एक भिंत लागते. एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतल्या भोकातून मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा संगणकी व्हायरस जगभर पसरला, आणि पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या हा दुसरा. दुसऱ्याने तर आपल्या न्हावा शेवाच्या बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प केलं, कंटेनरचे ट्रक रांगेत अडकले. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून मायक्रोसॉफ्टने नव्याने बसवलेल्या विंडोज १० मधून ती पहिली आवृत्ती काढायला सुरुवात केली. फक्त तीच येणारा डबा नव्या संगणकाशी बोलू शकत नाही. ती पुन्हा चालू करता येते, तसे व्हिडिओही खूप आहेत. मी म्हणेन, केलीच तर एका दुपारपुरती; फायली बाहेर काढा, डबा भंगारात द्या.

मामेभावाचा लॅपटॉप मात्र अजून डबा बघायला तयार नव्हता. त्यावर ऑफिसचं व्हीपीएन, म्हणजे लॅपटॉपला थेट ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणारा बोगदा, चालू होतं. घरातली पाकिटंही आधी ऑफिसला जात होती. बंद केलं, दिसला.

निघताना मामाने फोटोंची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढायला घेतली, आणि मी सहज वेग बघितला: सेकंदाला ११ एमबी. तिथेच थबकले. ११ हा आकडा संशयास्पद आहे. वायर १०० मेगाबिटवर चालली की ८ ने भागून (आठ बिटांचा एक बाइट) १२.५ मेगाबाइट, वरचा खर्च जाऊन ११-१२. गिगाबिटला, म्हणजे त्याच्या दहापट वेगाला, १०० च्या वर दिसायला हवं. १०० मेगाबिटला वायरीतल्या चारपैकी दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला चारही. त्या जादा दोन जोड्यांतली एक तार तुटली किंवा एक पिन गंजली तरी दोन्ही टोकं गुपचूप खालच्या वेगावर येतात, कुठलीही तक्रार न करता. ५०० जीबीला सव्वा तासाऐवजी साडेबारा तास.

वायर काढून बघितली. चौपाटीच्या खाऱ्या वाऱ्याने एका पिनेवर हिरवट थर चढला होता आणि प्लगची खिट्टी कधीच मोडलेली होती. रविवारी लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार बंद, म्हणून सोमवारी मामा स्वतः चालत जाऊन दोन मीटरची नवी कॅट-६ वायर घेऊन आला. रात्री मेसेज आला: "१०८ दाखवतंय. म्हणजे आधी किती वर्षं ११ होतं?"

ती वायर मीच लावली होती, डबा घेतला त्या दिवशी. मी अंगठा पाठवला.