ग्लागोलिटिक लिपी

ग्लागोलिटिक ही स्लाव भाषांसाठी बनलेली सगळ्यात जुनी माहीत असलेली लिपी. आज रशियन, बल्गेरियन वगैरे लिहितात ती सिरिलिक, आणि नाव ऐकून कुणालाही वाटेल की संत सिरिलनी तीच बनवली, पण बहुतेक अभ्यासकांच्या मते त्यांची स्वतःची लिपी ही ग्लागोलिटिक, आणि सिरिलिक तिच्यानंतर तयार झाली.

झालं असं की मोराव्हियाच्या (आताच्या चेक-स्लोव्हाक भागात) रास्तिस्लाव राजाने ८६२ च्या सुमारास बायझंटाईन सम्राट मायकेल तिसरा याच्याकडे लोकांना त्यांच्याच भाषेत धर्म शिकवतील अशी माणसं मागितली. सम्राटाने थेस्सलोनिकीचे दोघे भाऊ पाठवले, कॉन्स्टंटाईन (हेच पुढे सिरिल झाले) आणि मेथोडियस. त्यांना लहानपणापासून आजूबाजूची स्लाव बोली येत होती. पण श, च, झ हे आवाज ग्रीक अक्षरांत बसेनात, म्हणून सिरिलनी नवीनच अक्षरं घडवली. काही ग्रीक हस्ताक्षरावरून सुचलेली वाटतात, 'श' तर हिब्रूतल्या 'शिन'सारखाच दिसतो. अक्षरांना नावंही शब्दांची: अझ, बुकी, वेदी, ग्लागोली. अझ म्हणजे मी, आपल्या संस्कृत 'अहम्'चाच भाऊबंद, आणि वेदी म्हणजे जाणतो, तोच 'विद्' धातू! हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला खरंच खूप आनंद झाला होता. ग्लागोल म्हणजे शब्द, त्यावरूनच लिपीचं नाव. हीच अक्षरं आकडे म्हणूनही वापरायचे.

सिरिल ८६९ मध्ये रोमला वारले, मेथोडियस ८८५ मध्ये, आणि मग लॅटिनवाल्या धर्मगुरूंनी त्यांच्या शिष्यांना मोराव्हियातून हाकलून लावलं. क्लेमेंट, नाउम वगैरे शिष्यांना बल्गेरियात आसरा मिळाला. तिथे ग्रीक अक्षरांवर आधारलेली, लिहायला सोपी सिरिलिक तयार झाली, ग्रीकमध्ये नसलेल्या आवाजांसाठी तिने काही अक्षरं ग्लागोलिटिकमधूनच घेतली, आणि हळूहळू मूळ लिपी मागे पडली.

क्रोएशियात मात्र ती टिकली. गोल अक्षरांना तिथे कोन आले. क्र्क बेटावरची साधारण ११०० सालची बाश्काची शिळा याच लिपीत आहे. १२४८ मध्ये पोप इनोसंट चौथा यांनी सेन्यच्या बिशपला ही लिपी आणि स्लाव भाषेतली उपासना वापरायला परवानगी दिली, रोमच्या चर्चमध्ये त्या काळी ही फार मोठी गोष्ट. १४८३ मध्ये छापलेलं पहिलं क्रोएशियन पुस्तकसुद्धा ग्लागोलिटिकमध्येच, प्रार्थनाविधीचं. क्रोएशियाने २०२३ मध्ये युरो घेतला, तर तिथल्या १, २ आणि ५ सेंटच्या नाण्यांवर ह आणि र ही दोन ग्लागोलिटिक अक्षरं आहेत, ह्र्वात्स्का म्हणजे क्रोएशिया, त्यातली.