टेसोरो बंद झाली, तरी तिची यंत्रं स्वस्त का झाली नाहीत?

मेटल डिटेक्टर म्हटलं की आपल्याला रेल्वे स्टेशनच्या नाहीतर मोठ्या देवळाच्या दारातली चौकट आठवते. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये तोच शब्द एका काठीलाही लावतात. टोकाला ताटलीसारखी कॉइल (आत तारेचं वेटोळं), मुठीपाशी छोटी पेटी, कानांवर हेडफोन. ती काठी जमिनीलगत डावी-उजवी फिरवत हौशी माणसं बागा, शेतं, समुद्रकिनारे पालथे घालतात. आपल्याकडे हा छंद रुजला नाही आणि रुजणं अवघडच आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेला ऐवज दहा रुपयांहून जास्त किमतीचा असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं.

तिकडच्या जुन्या यंत्रांच्या बाजारात एका नावाला अजून मान आहे: टेसोरो. ॲरिझोनातल्या प्रेस्कॉटची ही कंपनी २०१८ मध्ये बंद झाली. कंपनी बुडाली की तिचा माल पडेल भावात विकला जातो, हा सगळीकडचा अनुभव. टेसोरोच्या वाकेरो, तेहोन, सिल्व्हर मायक्रोमॅक्स या यंत्रांना मात्र गिऱ्हाईक आजही चांगले पैसे मोजतं.

मुळात हा छंद वाढला तो युद्धातून उरलेल्या मालावर. दुसऱ्या महायुद्धानंतर सुरुंग शोधायची लष्करी यंत्रं अमेरिकेत शिल्लक माल म्हणून विकायला आली. ऑरेगनमधल्या स्वीट होम गावातली व्हाइट्स इलेक्ट्रॉनिक्स १९५० मध्ये सुरू झाली, तेव्हा युरेनियम शोधणाऱ्यांसाठी गायगर काउंटर बनवायची. ती लाट ओसरल्यावर ती डिटेक्टरकडे वळली. पुढे चांदीने हातभार लावला. १९६४ पर्यंतच्या डाइम (दहा सेंट) आणि क्वार्टर (पंचवीस सेंट) या नाण्यांत ९० टक्के चांदी होती. सरकारने ती काढून टाकल्यावर बागांतून, शाळांच्या मैदानांतून पडलेली जुनी चिल्लर शोधण्याजोगी झाली. १९८० च्या जानेवारीत सोनंही औंसाला सुमारे ८५० डॉलरवर पोचलं. त्याच सुमारास जॅक गिफर्ड यांनी टेसोरो काढली. टेसोरो म्हणजे स्पॅनिशमध्ये खजिना.

त्यांनी पहिल्या खरेदीदाराला आजन्म वॉरंटी दिली. टेसोरोला भाव येतो तो या वॉरंटीमुळे, असं कितीतरी वर्षं सगळे म्हणत. मला हे कारण कधीच पुरतं पटलं नाही, कारण ती पहिल्या मालकापुरतीच होती. जुनं यंत्र विकत घेणाऱ्याला तिचा हक्क नव्हता. २०१८ नंतर तर ती कोणालाच उरली नाही. भाव मात्र राहिला. म्हणजे कारण यंत्राच्या आतच शोधायला हवं.

कॉइलच्या आकाराच्या मानाने दूर गेलं की तिचं चुंबकीय क्षेत्र साधारण अंतराच्या घनाच्या प्रमाणात क्षीण होत जातं. त्या क्षेत्रामुळे नाण्यात निर्माण झालेला प्रवाह जो प्रतिसाद परत पाठवतो, तोही वर येताना तसाच क्षीण होतो. दोन्हींचा गुणाकार केला की लहान वस्तूच्या बाबतीत हिशेब अंतराच्या सहाव्या घातावर जातो. तेवढ्या अंतरावर खोली दुप्पट झाली की कॉइलपर्यंत पोचणारा संकेत सुमारे ६४ पटींनी कमी! त्यामुळे चाळीस वर्षांत चिप बदलल्या, स्क्रीन आले, तरी साध्या जमिनीत नाणं सापडण्याची खोली फारशी वाढली नाही. नवं यंत्र जुन्याला निकालात काढू शकलं नाही, ते या भौतिकशास्त्रामुळे. ओल्या, खाऱ्या वाळूत गोष्ट वेगळी. तिथे एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारी यंत्रं सरस ठरतात आणि एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणारं टेसोरो कुरकुरतं.

पण बागेत, खिळ्यांच्या कचऱ्यात, टेसोरोवाला अंगठ्याने काम करतो. आवाज आला की तो कॉइल तिथल्या तिथे हलवत राहतो आणि धातूधातूंत भेद करणारं बटण हळूहळू वर फिरवतो. लोखंडी खिळा लगेच गप्प होतो. मग चॉकलेटच्या वेष्टनाचा चंदेरी कागद गप्प होतो. त्यापुढे पाच सेंटचं निकेल, शीतपेयाच्या डब्याची कडी आणि सोन्याची अंगठी अगदी जवळजवळ येतात, आणि इथे कान लागतो. आवाज स्वच्छ तुटला की चरचरत तुटला, यावर खणायचं की नाही ते ठरतं. स्क्रीनवर आकडा नाही, चित्र नाही. हा कान तयार व्हायला काही वर्षं जातात. तो ज्याने कमावला, तो यंत्र सहजी विकत नाही, म्हणून बाजारात माल येतो तोही थोडाच.

दुसरं कारण दुरुस्तीचं. पेटीच्या आत ॲनालॉग सर्किट आहे: ऑप-ॲम्प (संकेत मोठा करणारी छोटी चिप), रेझिस्टर, कपॅसिटर, फिरवायची पोटेन्शिओमीटरं. वाकेरोला नऊ व्होल्टची एक बॅटरी पुरते. बऱ्याच मॉडेलांची सर्किटं हौशी लोकांनी उलगडून कागदावर उतरवली आहेत. सोल्डरिंग येणारा माणूस हे यंत्र घरी जिवंत करू शकतो. याउलट व्हाइट्सचं व्हीथ्रीआय हे मॉडेल घ्या. २.५, ७.५ आणि २२.५ किलोहर्ट्झ अशा तिन्ही फ्रिक्वेन्सींचे प्रतिसाद रंगीत स्क्रीनवर दाखवणारं ते विलक्षण यंत्र, आणि त्याचेही चाहते आहेत. व्हाइट्स २०२० मध्ये बंद झाली, तिचे हक्क गॅरेट या दुसऱ्या डिटेक्टर कंपनीने घेतले. आता त्या यंत्राचा स्क्रीन गेला तर तसाच दुसरा शोधत फिरावं लागतं. ही धास्ती घेणाऱ्याच्या मनात असतेच.

टेसोरोचं दुखणं आहे ते कॉइलमध्ये. ती सीलबंद असते, आत ओल शिरली किंवा तार तुटली की उघडून नीट करणं जिकिरीचं. म्हणून जाणकार घेताना आधी कॉइलमधून केबल बाहेर येते तिथली भेग बोटाने चाचपतो, केबल हलवून आवाज फुटतो का ऐकतो, मग एकेक बटण पूर्ण फिरवून खरखर आहे का पाहतो. खरखर असली तरी तो घेतो. केबल तडकलेली असली, तर मात्र तिथेच भाव पाडतो.