दाणा एक, दावेदार अनेक: बडोद्याच्या गॅलऱ्यांतल्या भांडणाची पार्श्वभूमी

दांडिया बाजार असो की राजमहल रोड, बडोद्यातल्या पुष्कळ मराठी घरांच्या गॅलरीत हल्ली एखादं दाणेपात्र टांगलेलं दिसतं. त्यापाठोपाठ येणाऱ्या तक्रारीही ठरलेल्या. चिमण्यांसाठी बाजरी ठेवली ती पारव्यांनी संपवली, साळुंक्या कुणाला टेकू देत नाहीत, पोपट आला की बाकीचे तारेवर जाऊन बसतात. दोष पक्ष्यांच्या स्वभावाला देऊन आपण मोकळे होतो. पण दाणा कोणता, किती आणि कसल्या भांड्यात ठेवायचा हे माणूस ठरवतो, आणि निम्मी लढाई तिथेच लागते.

मराठी घरांत पूर्वी पक्ष्यांसाठी वेगळे दाणे विकत आणायची पद्धत नव्हती. श्राद्धाला काकबळी, पानाशेजारी चित्राहुती, पोराला भरवताना एक घास चिऊचा, एक घास काऊचा. अन्न शिजलेलं, थोडंसं आणि उघड्यावर. भात कावळे-साळुंक्या उचलत. चिमण्या तर वाड्याच्या आढ्यात, तसबिरींच्या मागेच राहायच्या. सुपातून उडालेल्या दाण्यांवर आणि अंगणातल्या किड्यांवर त्यांचं भागायचं. गायकवाडांबरोबर अठराव्या शतकात मराठी कुटुंबं इथे आली ती या सवयी घेऊनच.

गुजरातची रीत वेगळी. इथे चबुतरा: उंच खांब, वर छत्रीखाली अष्टकोनी किंवा गोल ओटा, मांजर चढू नये अशी बांधणी, कुठे कुठे घरट्यांसाठी कोनाडेही. जीवदया म्हणून, कुणाच्या स्मरणार्थ म्हणून तिथे ज्वारी-बाजरी-मका पडतो. हेतू सगळ्या पाखरांचं पोट भरण्याचा, पण त्या ओट्याने झुकतं माप दिलं ते पारव्याला. सपाट जागा, कोरडं धान्य, तेही भरपूर आणि एकाच ठिकाणी. थव्याने उतरणाऱ्या दाणेखाऊ पक्ष्याला आणखी काय हवं? त्यात पारवा मूळचा कड्याकपारींतला. फ्लॅटचे सज्जे आणि एसीच्या बाहेरच्या पेट्या त्याला आयत्याच मिळाल्या.

अंगापिंडाचा हिशोब तर उघडच आहे. चिमणी पंचवीस-तीस ग्रॅमची, साळुंकी शंभराच्या थोडी पुढे, पारवा तीनशेच्या वर. कोंबड्यांमध्ये कोण कुणाला टोचतं याची उतरंड असते, हे नॉर्वेच्या थोर्लाइफ शेल्डरुप-एब यांनी 1920च्या दशकाच्या सुरुवातीला मांडलं. वेगवेगळ्या जातींमध्येही अशी उतरंड असते. उत्तर अमेरिकेत हौशी निरीक्षकांनी दाणेपात्रावरच्या हजारो झटापटी टिपून ठेवल्या होत्या. त्यांवरच्या 2017 सालच्या अभ्यासात साधारणपणे जड पक्षीच वरचढ ठरले, सुतारपक्ष्यांसारखे काही मात्र वजनाच्या मानाने जास्तच दांडगे निघाले.

माझ्या मते खरी मेख मात्र पिल्लांच्या खाण्यात आहे. चिमणीच्या पिल्लांना पहिले काही दिवस किडे-अळ्या लागतात, नुसत्या बाजरीवर ती वाढत नाहीत. पारव्याची मादी आणि नर दोघंही अन्नपिशवीत तयार होणारं दुधासारखं द्रव्य पिल्लांना भरवतात. त्यामुळे मिळालेल्या दाण्यावर त्यांची वीण जवळजवळ बारा महिने चालू शकते. म्हणजे भांडण न होता दाणे अगदी समसमान वाटले गेले, तरी पिढी वाढणार ती पारव्याचीच!

टांगतं दाणेपात्र ही तिसरी रीत, आणि ती आली थंड देशांतून, जिथे हिवाळ्यात जमीन गोठते. ब्रिटनमध्ये बागेतल्या दाणेपात्रांची पद्धतशीर नोंद 1970 पासून आहे. त्या नोंदींवरचा 2019चा अभ्यास सांगतो की सत्तरच्या दशकात तिथे येणाऱ्या पक्ष्यांपैकी निम्मे दोनच जातींचे असत. पुढे बाजारात तऱ्हेतऱ्हेचे दाणे आणि तऱ्हेतऱ्हेची पात्रं आली तशी गर्दीतली विविधता वाढली. गोल्डफिंच हा चिमुकला पक्षी पूर्वी आठ टक्के बागांत दिसे, तो 87 टक्क्यांपर्यंत पोहोचला. एकच ओटा आणि ठरलेलं धान्य असलेल्या आपल्या चबुतऱ्यांशी हे ताडून पाहावं.

न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या बागांत दीड वर्ष पाव आणि दाणे घालून पाहिले, त्याचे निष्कर्ष 2015 साली आले. बाहेरून आणलेल्या चिमण्या आणि ठिपकेवाले होले वाढले, किडे खाणारा एक स्थानिक वटवट्या कमी झाला. लंडनची गंमत याहून मोठी. तिथल्या संशोधकांनी दाणेपात्राशेजारी पिंजऱ्यात पोपट ठेवला, तर तिथल्या लहान पक्ष्यांच्या फेऱ्या घटल्या आणि आले तेही सारखे मान वळवून पाहू लागले. तो पोपट म्हणजे आपल्या कमाटीबागेतल्या झाडांवर कलकलाट करणाराच. इथे त्याच्या दादागिरीवर कुणी प्रबंध लिहीत नाही. कारण साळुंकी, खार आणि कावळा पिढ्यान् पिढ्या त्याच्याबरोबरच वाढलेत.

आपल्याकडे दाणेपात्रांची लाट आली ती चिमणीच्या काळजीतून. 2010 पासून 20 मार्च हा जागतिक चिमणी दिन झाला. नाशिकचे मोहम्मद दिलावर यांचा त्यात पुढाकार होता. त्यानंतर शाळांतून, सोसायट्यांतून घरटी आणि दाणेपात्रं वाटली जाऊ लागली. देशभरातल्या पक्ष्यांचा 2020 सालचा आढावा मात्र सांगतो की चिमणी एकूण देशात साधारण टिकून आहे, घट आहे ती महानगरांत. पारव्याचा आलेख त्याच काळात चढताच आहे. मुंबईत 2025 साली कबुतरखाने बंद करण्यावरून रान पेटलं, तेव्हा चर्चा झाली ती माणसांच्या फुप्फुसांची आणि धर्मभावनांची. बाकीच्या पक्ष्यांचं नाव क्वचितच निघालं.

बडोद्यात आता काहीजण पात्राभोवती चिमणीपुरत्या भोकांची जाळी बसवतात, बसायच्या काड्या आखूड ठेवतात. पारव्याला टेकायला जागा उरत नाही, चिमण्या आणि मनोल्या आत शिरतात. साळुंकी मात्र जाळीतूनही चोच घालून बघते. शिवाय चिमण्या सांडतातही फार. म्हणून खाली ताटली बांधून रोज संध्याकाळी ती रिकामी करावी लागते, नाहीतर पारवे तळमजल्याच्या ओटलीवर जमतात आणि तिथल्या काकूंशी वेगळंच भांडण सुरू होतं.