जुना रोल सापडलाय? उघडण्याआधी हे वाचा

दिवाळीची आवराआवर, घराची वाटणी, पुनर्विकासासाठी रिकामा करायचा वाडा. आमच्या फोटो लॅबमध्ये येणारे बहुतेक जुने फिल्म रोल अशाच वेळी हाती लागलेले असतात. वडिलांच्या पेटीत अ‍ॅग्फाचा क्लिक थ्री कॅमेरा निघतो आणि त्यात अर्धा काढलेला रोल तसाच असतो. मग पहिला प्रश्न येतो, "यातून अजून फोटो येतील का हो?" बऱ्याचदा येतात. ते येण्यासाठी तुम्ही काय करायचं आणि आम्ही काय करतो, ते इथे लिहिलं आहे.

आधी घरी

रोल उघडून बघू नका. न धुतलेल्या फिल्मवर डोळ्यांना काहीच दिसत नाही, आणि उजेड लागला की जे असेल तेही जातं. सिनेमात डार्करूममध्ये लाल दिवा दिसतो, म्हणून काहीजण लाल बल्ब लावून रोल उलगडतात. तो दिवा प्रिंटच्या कागदासाठी असतो. फोटो काढायच्या बहुतेक फिल्म लाल उजेडानेही खराब होतात, त्यामुळे आम्ही रोल उघडतो तेव्हा खोलीत मिट्ट काळोख असतो.

रोल कॅमेऱ्यातच असेल आणि तो कॅमेरा क्लिक थ्रीसारखा असेल, तर पाठीमागच्या लाल काचेतून आकडा बघा आणि टिपून ठेवा. आकडा ९ असेल तर साधारण तेवढे फोटो काढलेले आहेत. मग त्या काचेवर काळी चिकटपट्टी लावा. फिल्म पुढे सरकवायची चावी हलक्या हाताने सैल होईपर्यंत फिरवत राहा, म्हणजे फिल्म आणि तिचा कागद पूर्ण दुसऱ्या रिळावर जाईल. चावी अडली तर जोर करू नका, कॅमेरा आहे तसाच घेऊन या. पस्तीस एमएमच्या कॅमेऱ्याचं झाकण मात्र आधी मुळीच उघडू नका. चुकून उघडलं गेलं असेल तर लगेच बंद करा आणि आम्हाला तसं सांगा. आतले घट्ट गुंडाळलेले फोटो पुष्कळदा वाचलेले असतात.

परदेशी राहणाऱ्या मंडळींकडे १९९६ नंतरच्या एपीएस नावाच्या फिल्मच्या लंबगोल डब्या निघतात. डबीच्या एका टोकाला चार खुणा असतात: पूर्ण गोल, अर्धगोल, फुली आणि चौकोन. चौकोन पांढरा दिसत असेल तर रोल धुतलेला आहे आणि फक्त स्कॅन करायचा आहे. फुली असेल तर पूर्ण काढलेला, पण धुवायचा राहिलेला. विमानाने आणणार असाल तर रोल हातातल्या बॅगेत ठेवा आणि तपासणीच्या वेळी हाताने बघायची विनंती करा. सामानात टाकलेल्या बॅगांवरचे एक्स-रे जास्त तीव्र असतात.

कोणता रोल आहे, यावर बरंच ठरतं

क्लिक थ्रीला १२० नंबरचा रोल लागतो. तो १९०१ पासून आजतागायत निघतो आहे, त्यामुळे त्यासाठीची सामग्री सहज मिळते. ६२० ची फिल्म तेवढ्याच रुंदीची, फक्त रीळ बारीक. १२७ अरुंद, साधारण ४६ मिलिमीटरची. १९६३ साली आलेली १२६ आणि १९७२ साली आलेली ११० या दोन्ही प्लॅस्टिकच्या बंद डबीत असतात. ऐंशीच्या दशकात घरोघरी आलेल्या चपट्या लांबट कॅमेऱ्यांत ही ११० असायची. तिचा एक फोटो जेमतेम १३ बाय १७ मिलिमीटरचा, म्हणजे बोटाच्या नखाएवढा.

सगळ्यात आशा असते कृष्णधवल रोलकडून. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा इंदू रोल असो नाहीतर पूर्व जर्मनीचा ओरवो, त्यातलं चांदीच्या कणांनी बनलेलं चित्र चिवट असतं आणि पन्नास वर्षांनीही ओळख पटेल इतकं येऊ शकतं.

रंगीत रोलचं मात्र मनाची तयारी करून ऐका. रंगीत निगेटिव्ह धुण्याची आज जगभर चालते ती सी-४१ ही पद्धत कोडॅकने १९७२ साली आणली. त्याआधीचे कोडॅकचे रंगीत रोल सी-२२ पद्धतीचे. ते सुमारे २४ अंश सेल्सिअसवर धुतले जात, तर सी-४१ ची रसायनं जवळजवळ ३८ अंशांवर असतात. सुरुवातीच्या काळात आमच्या हातून असा एक रोल सी-४१ मध्ये गेला. टाकी उघडली तेव्हा चित्राचा थर सायीसारखा सुटून बोटाला आला. त्या ताईंना फोन करून ते सांगणं फार जड गेलं. तेव्हापासून रोलवरची पद्धत वाचल्याशिवाय आम्ही रसायनाला हात लावत नाही. सी-२२ चे, ओरवोचे जुने रंगीत आणि कोडाक्रोमचे (कोडॅकच्या रंगीत स्लाइड फिल्मचे) रोल आम्ही कृष्णधवल म्हणूनच धुतो. कोडाक्रोम रंगीत धुणारी अमेरिकेतल्या कॅन्ससची शेवटची लॅब २०१० च्या डिसेंबरअखेरीपर्यंतच रोल घेत होती. त्यानंतर ते रंग काढून देणारी लॅब उरलेली नाही.

रोल कुठे ठेवला होता, हेही सांगा. पत्र्याखालच्या माळ्यावर चाळीस उन्हाळे काढलेला रोल आणि लोखंडी कपाटातला रोल यांत खूप फरक पडतो. उष्णतेने सगळ्या फिल्मवर करडा थर धरतो, आम्ही त्याला फॉग म्हणतो. कोकणातल्या दमट हवेत बुरशीही येते.

आम्ही काय करतो

एका वेळी एकच रोल, ताज्या रसायनात. इतकी वर्षं गुंडाळलेली फिल्म घड्याळाच्या स्प्रिंगसारखी उसळते, त्यामुळे काळोखात चाचपडत ती टाकीतल्या रिळावर चढवायलाच कधी अर्धा तास जातो. शक्य असेल तिथे टोकाचा छोटा तुकडा कापून तो आधी धुतो आणि त्यावरून वेळ ठरवतो. पाणी गार ठेवतो आणि फॉग दाबणारं रसायन मोजून घालतो. हे सगळं हातघाईने होत नाही, म्हणून किमान चार आठवडे धरून चाला. लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसासाठी हवं असेल तर रोल दोन महिने आधी द्या.

मागे रत्नागिरीहून एक क्लिक थ्री आला. बारापैकी सात फोटो आले. काळ्या कागदावरचे आकडे फिल्मवर उमटले होते. मोठ्या बहिणीच्या गालावरच पुसट ८ दिसत होता. असं कागदाच्या रोलमध्ये होतं आणि ते मुळातून काढता येत नाही. दुसऱ्या फोटोत गणपतीचं मखर होतं. ती आरास कोणत्या सालची, यावरून घरात वाद होता. स्कॅन मोठा करून पाहिला तर मखराशेजारच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर १९७४ वाचता आलं.

स्कॅन

क्लिक थ्रीचा सहा बाय सहा सेंटिमीटरचा फोटो आम्ही २४०० डीपीआयला, म्हणजे एका इंचात २४०० ठिपके घेऊन, स्कॅन करतो. एका बाजूला साधारण ५३०० पिक्सेल मिळतात आणि सतरा इंची प्रिंट निघू शकते. अर्थात त्या साध्या भिंगाने कडा मुळातच मऊ येतात. ११० ची पोस्टकार्डाएवढी प्रिंट चांगली दिसते, त्यापुढे दाणा उठतो. धूळ आपोआप पुसणारी इन्फ्रारेड सोय कृष्णधवल फिल्मवर चालत नाही, म्हणून तिथले डाग आम्ही एकेक करून हाताने काढतो. फाइली पेन ड्राइव्हवर किंवा लिंकने देतो. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवत नाही, कारण तिथे फोटो बारीक होतो.

पुसट चेहरा संगणकाकडून नव्याने भरून देण्याचं काम आम्ही घेत नाही. तसा चेहरा तुमच्या माणसाचा राहत नाही. उजेड आणि गडदपणा सुधारून जितकं खरं दिसतं तितकंच देतो.

पैसे आणि परत नेताना

दरपत्रक सोबत आहे. रोलवर काहीच आलं नाही तर फक्त धुण्याचे पैसे, स्कॅनचे नाहीत. फोटो येतीलच अशी हमी देत नाही. कोरी निघालेली फिल्मसुद्धा तुम्हाला परत मिळते, ती बघून स्वतःच खात्री करून घ्या.

निगेटिव्ह आम्ही कागदी पाकिटात घालून देतो. ती सिलिका जेलच्या पुडीसह कपाटाच्या मधल्या कप्प्यात ठेवा. माळ्यावर नको आणि जवळ डांबरगोळ्याही नकोत. आंबलेल्या व्हिनेगरसारखा वास येऊ लागला तर ती पाकिटं बाकीच्यांपासून वेगळी करून आमच्याकडे आणा, कारण तो वास म्हणजे फिल्मचा पायाच कुजू लागल्याची खूण असते.

रोल देताना पाकिटावर तीन गोष्टी लिहा: कॅमेरा कुणाचा होता, अंदाजे साल, आणि फोटोत कोण असण्याची शक्यता आहे. शेवटची माहिती नुसत्या धुण्यासाठी लागत नाही. पण पुसट फिल्मवर आजी कुठल्या बाजूला बसली असेल हे माहीत असलं, की तिथला तपशील जपायला आम्हाला मदत होते.