वेंगुर्ला रोडच्या टोकापलीकडचा दिवा

हिंडलग्याकडून पुढं जाणाऱ्या रस्त्याला बेळगावकर सवयीनं 'वेंगुर्ला रोड' म्हणतो. सुळगा, शिनोळी, चंदगड, आंबोली, सावंतवाडी करत तो सुमारे सव्वाशे किलोमीटरवर समुद्राला भिडतो. तिथून आणखी नऊ-दहा सागरी मैल आत वेंगुर्ल्याचे खडक आहेत. त्यांच्यावर दीपगृहाचा दिवा का लागला, याचं निम्मं उत्तर आपल्या बेळगावच्या कॅम्पात, म्हणजे लष्करी छावणीत सापडतं.

1812 मध्ये सावंतवाडीकरांकडून वेंगुर्ला इंग्रजांकडे गेलं. 1818 मध्ये बेळगावचा किल्ला पडला आणि पुढं इथं छावणी बसली. तिचा माल मुंबईहून गलबतानं वेंगुर्ल्याला उतरायचा आणि बैलगाडीनं घाट चढायचा. परतीला इकडचा कापूस. (चंदगड तेव्हा बेळगाव जिल्ह्यातच. 1956 ला ते कोल्हापूरकडे गेलं आणि या रस्त्यावर शिनोळीजवळ राज्याची हद्द आली.) बंदराच्या तोंडाशीच, मुंबई-गोवा वाटेवर हे खडक. इंग्रजी नकाशांत त्यांचं नाव 'बर्न्ट आयलंड्स', म्हणजे जळकी बेटं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथं दिवा आला.

1887 ला बेळगावात रेल्वे आली, लगोलग गोव्यातल्या मुरगाव बंदराची वाट खुली झाली आणि वेंगुर्ल्याचा व्यापार बसला. आता त्या रस्त्यानं पहाटे येतात त्या बर्फातल्या बांगड्यांच्या गाड्या. बंदर ओस पडलं तरी खडक काही जागचे हलले नाहीत, म्हणून दिवा राहिला.

जुन्या दिव्यांवर माणूस लागायचा. रॉकेल भरायचं, वात कातरायची, भिंगावरची काजळी पुसायची, भिंग फिरवणाऱ्या यंत्राला चावी द्यायची. पावसाळ्यात होडी लागत नाही, म्हणजे महिनोन्‌महिने तिथंच. ओसाड बेटांवरची ही नोकरी संपवली ती स्वीडनच्या गुस्ताफ दालेन यांनी. 1907 च्या सुमारास त्यांनी 'सूर्यझडप' काढली. तिच्यात एक काळी दांडी आणि भोवती चकचकीत दांड्या. उजेड पडला की काळी दांडी तो शोषून किंचित लांबते आणि ॲसिटिलीन वायूची वाट दाबून धरते; अंधारलं की आखडते, वायू सुटतो आणि खाली सतत तेवणारी बारीक ज्योत त्याला पेटवते. ढग दाटून भरदुपारी काळोख झाला तरी दिवा लागणारच. 1912 चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं, आणि त्याच वर्षी प्रयोगातल्या स्फोटात त्यांची दृष्टी गेली.

आपल्याकडे दीपगृहांचा कायदा 1927 चा; 2021 मध्ये त्याजागी नवा आला. आता अशा दिव्यांना सौर पॅनेल, बॅटरी आणि एलईडी असते. वेंगुर्ल्याच्या खडकांवर वस्ती नाही. गुहांत पाकोळ्या आपल्या लाळेनं घरटी चिकटवतात, एवढाच शेजार. माणूस जातो तो दुरुस्तीला, आणि तेही समुद्र जाऊ देईल तेव्हा.