बोलता बोलता ऐकणारं वटवाघूळ

केरळमध्ये निपाचा रुग्ण सापडल्याची बातमी आली की आपल्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर हमखास एक निरोप फिरू लागतो: गावातल्या वडावरची वटवाघळं हाकला, जमलं तर वडच तोडा. निपाचा विषाणू मोठ्या फळखाऊ वटवाघळांत असतो हे खरंच आहे. त्यावरची काळजीही साधी आहे. दात लागलेलं, झाडाखाली पडलेलं फळ खायचं नाही. वड तोडून विषाणू मरत नाही. एका झाडावरचा थवा चार वाड्यांत पांगतो, एवढंच. पण या निरोपातलं मला सर्वांत खटकतं ते त्यातलं एकवचन. जणू 'वटवाघूळ' नावाचा एकच प्राणी आहे.

जगात वटवाघळांच्या 1,400 हून अधिक जाती आहेत. सस्तन प्राण्यांची साधारण दर पाचवी जात वटवाघळाची. भारतात त्या शंभराच्या बऱ्याच वर आहेत आणि सह्याद्रीच्या कुशीतल्या गोव्याला त्यातला चांगला वाटा मिळालाय. वडावर लोंबणारं मोठं फळखाऊ वटवाघूळ पंख पसरलं की चार फूट भरतं. कुळागरातलं, म्हणजे पोफळी-माडांच्या बागेतलं, लहान फळखाऊ पानांच्या शिरा कुरतडून स्वतःपुरता तंबू करतं. घराच्या कौलांत राहणारं कीटकभक्षी जेमतेम चार-पाच ग्रॅमचं. एक मोठ्या कानांचं शिकारी वटवाघूळ बेडूक आणि उंदीरसुद्धा उचलतं. रक्त पिणाऱ्या जाती जगात फक्त तीन, त्याही अमेरिका खंडात, मेक्सिकोपासून खाली. म्हणजे त्या भीतीपुरतं तरी गोवेकरांनी निश्चिंत असावं.

वटवाघळं आंधळी असतात हाही असाच ठोकून दिलेला समज. एकही जात आंधळी नाही. वडावरची मोठी वटवाघळं तर आवाज काढून त्याच्या प्रतिध्वनीवरून अंदाज घेण्याच्या वाटेला जातच नाहीत, डोळे आणि नाक यांवर त्यांचं भागतं. गुहेत राहणारं एक फळखाऊ जिभेने टकटक करून काळोखात वाट काढतं. खरी कमाल मात्र कीटकभक्षींची, आणि त्यांतही एका कुळाची.

या कुळातल्यांच्या नाकाभोवती घोड्याच्या नालेच्या आकाराची कातडीची घडी असते. आपण त्याला नालनाक्या म्हणू. सह्याद्रीच्या जंगलांत ते सर्रास आढळतं.

शाळेत शिकलेलं आठवा: प्रतिध्वनी वेगळा ऐकू यायला भिंत 17 मीटरवर तरी हवी, कारण त्याआधी परतलेला आवाज आपल्याच आवाजात मिसळतो. बहुतेक कीटकभक्षी वटवाघळं ही अडचण अगदी आखूड आवाज काढून सोडवतात. काही मिलिसेकंदांची चित्कारी, मग गप्प, मग प्रतिध्वनी. उघड्यावर हे छान चालतं. पण दाट झाडीत पतंग पानापासून एक सेंटिमीटरवर असेल, तर पतंगाचा आणि पानाचा प्रतिध्वनी यांत सेकंदाच्या सतरा-हजाराव्या भागाएवढं अंतर पडतं. दोन्ही एकमेकांत कालवले जातात.

नालनाक्या उलट करतो. तो नाकातून 40-50 मिलिसेकंदांचा लांबलचक, एकाच पट्टीतला सूर काढतो, सुमारे 80 किलोहर्ट्झचा. आपला कान 20 च्या वर बहिरा. 50 मिलिसेकंदांत ध्वनी 17 मीटर जातो, आणि पतंग तर दोन मीटरवर आहे. म्हणजे प्रतिध्वनी 12 मिलिसेकंदांत परततो तेव्हा नालनाक्याचा सूर चालूच असतो. मग त्याला स्वतःच्या आवाजात तो ऐकू येतो कसा?

इथे डॉप्लर परिणाम येतो. करमळी स्थानकात न थांबता जाणारी गाडी जवळ येताना भोंग्याची पट्टी चढते आणि पुढे गेल्यावर उतरते, तोच. वटवाघूळ सेकंदाला 5 मीटर वेगाने पुढे उडत असेल, तर प्रतिध्वनीची वारंवारता 2 × 5 ÷ 340 या प्रमाणात चढते. 80,000 हर्ट्झवर ही वाढ जवळपास 2,350 हर्ट्झ. आणि नालनाक्या काय करतो? वेग वाढेल तसा स्वतःचा सूर तेवढाच खाली आणतो, की परतणारा प्रतिध्वनी नेमका ठरलेल्या पट्टीवर पडावा. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ हान्स-उलरिख श्निट्झलर यांनी 1968 साली हे दाखवून दिलं. त्याच्या कानातल्या शंखाचा मोठा भाग त्या एका चिंचोळ्या पट्टीसाठीच राखलेला असतो, डोळ्यात सर्वांत स्पष्ट दिसणारा पीतबिंदू असतो तसा. स्वतःचा सूर त्या पट्टीखाली राहतो म्हणून तो कानाला त्रास देत नाही. त्यामुळे बोलणं आणि ऐकणं एकाच वेळी!

आता पतंगाने पंख हलवले की प्रतिध्वनीत लयबद्ध चढउतार उमटतात. हलणाऱ्या पानाला ती लय नसते. झाडीत पतंग असा उघडा पडतो.

यात एक तोटाही आहे. इतका उंच सूर हवेत लवकर विरतो, त्यामुळे नालनाक्याला दूरचं ऐकू येत नाही. खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांच्या, मोकळ्या आभाळात तो काही कामाचा नाही. तिथे उंचावरून उडणारी, खालच्या पट्टीतले दूरवर पोचणारे आवाज काढणारी दुसरी वटवाघळं हवीत. झाडीतली खालची झुडपं साफ केली की नालनाक्या जातो आणि त्याची जागा आभाळातलं वटवाघूळ घेऊ शकत नाही.

थायलंडमध्ये असं उंचावरून उडणारं एक वटवाघूळ भातावरचे तुडतुडे खातं हे अभ्यासलं गेलंय. मात्र 'एक वटवाघूळ तासाला हजार डास खातं' हे वाक्य जपून वापरावं. तो आकडा बंद खोलीतल्या प्रयोगावरून ताणलेला आहे. फळखाऊंचं काम वेगळं. खारफुटीतली चिप्पी रात्री फुलते आणि तिच्या परागणात वटवाघळांचा मोठा वाटा असतो. रानातल्या टेटूच्या झाडाचंही तसंच. वड-उंबराचं बी ते उडता उडताच टाकतात, त्यामुळे ते उघड्या माळावरही पडतं. पक्षी बहुधा बसल्या जागी टाकतो.

गोव्याच्या सीमेला लागून, खानापूर तालुक्यातल्या भीमगडच्या जंगलात बारापेडे गुहा आहे. म्हादईचा उगमही याच मुलखातला. या गुहेतल्या मोकळ्या शेपटीच्या वटवाघळाचं वर्णन ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ ओल्डफील्ड थॉमस यांनी 1913 साली केलं, आणि पुढे कित्येक दशकं जगात त्याचा हा एकच पत्ता ठाऊक होता. नंतर ते मेघालयात आणि कंबोडियात सापडलं. वन्यजीव संरक्षण कायद्यात ते परिशिष्ट एकमध्ये, वाघाच्या रांगेत बसलं. फळखाऊ वटवाघळं मात्र त्याच 1972 च्या कायद्यात उंदीर-कावळ्यांबरोबर उपद्रवी म्हणून नोंदली होती. ती यादी रद्द झाली 2022 च्या दुरुस्तीत. उंदरीण वर्षात कित्येकदा विते. वडावरच्या मोठ्या वटवाघळाला वर्षाला एक पिल्लू. यादी करणाऱ्यांनी हा हिशेब मांडलेला दिसत नाही.