संसर्ग नियंत्रण, संगणकाधारित
रुग्णालयात दाखल झाल्यानंतर जडणारे संसर्ग शोधणे, नोंदवणे व रोखणे यांसाठी संगणकप्रणाली आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांचा केलेला उपयोग.

याचा उगम बहुधा स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ‘मायसिन’ प्रणालीत मानला जातो. एडवर्ड शॉर्टलिफ यांनी 1970 च्या दशकाच्या पूर्वार्धात रचलेली ही प्रणाली काहीशे ‘जर–तर’ नियमांवरून रक्तातील संसर्गासाठी प्रतिजैविक सुचवी. मात्र ती प्रत्यक्ष रुग्णसेवेत कधी आलीच नाही; शिवाय तिचे काम सल्ल्याचे, पाळतीचे नव्हे. म्हणून सॉल्ट लेक सिटीच्या एलडीएस रुग्णालयातील ‘हेल्प’ प्रणालीला अग्रमान देणे अधिक सयुक्तिक वाटते. तीत प्रयोगशाळा व औषधालय यांच्या नोंदी एकत्र येत. 1986 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत नेहमीच्या पद्धतीपेक्षा संगणकाला अधिक संसर्ग सापडले, तेही कमी वेळात.

संगणकासाठी असे नियम लिहिण्यातली खरी अडचण रक्ताच्या कल्चरमध्ये (रक्तातील जंतू प्रयोगशाळेत वाढवून ओळखण्याच्या चाचणीत) दिसते. त्वचेवर एरवीच राहणारा कोॲग्युलेज-निगेटिव्ह स्टॅफिलोकॉकस हा जंतू एकाच नमुन्यात वाढला, तर तो सुई टोचताना शिरलेला असू शकतो. त्यामुळे अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेच्या व्याख्येनुसार असा जंतू वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या किमान दोन नमुन्यांत मिळावा लागतो. प्रौढांमध्ये सोबत ताप, थंडी वाजणे किंवा रक्तदाब उतरणे यांपैकी एक लक्षण हवे. जंतूचे नाव प्रयोगशाळेच्या संगणकात असते. तापाचा तक्ता पुष्कळदा खाटेशी, कागदावर. तिथे नियम अडतो. व्हिएन्नाच्या ‘मोनी’ प्रणालीने संदिग्ध तर्क (‘हो’ किंवा ‘नाही’ यांच्या मधल्या पायऱ्या मानणारी पद्धत) वापरून सीमेवरच्या तापालाही अंशतः ग्राह्य धरले. (डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस यांनी 1847 मध्ये हात धुण्याचा नियम घातला, तो याच शहरात.)

यांत्रिक अध्ययनावरील, म्हणजे लिहून दिलेल्या नियमांऐवजी जुन्या नोंदींवरून शिकणाऱ्या, प्रणालींबाबत सावधगिरी इष्ट. मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयात 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पडताळणीत, व्यापक वापरातल्या एका प्रणालीच्या नजरेतून सेप्सिसचे (संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागण्याच्या गंभीर अवस्थेचे) सुमारे दोन-तृतीयांश रुग्ण निसटले. उलट, इशारे मात्र भरमसाट येत होते.

भारतात या विषयाची प्रगती मुख्यतः प्रतिजैविक-रोधाच्या (जंतूंनी प्रतिजैविकांना दाद न देण्याच्या) नोंदणीतून झाली. बॉस्टनमध्ये 1989 पासून विकसित होत आलेली ‘हूनेट’ ही मोफत आज्ञावली येथील अनेक प्रयोगशाळा वापरतात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने 2013 मध्ये अशा नोंदणीचे स्वतःचे जाळे उभारले. पुण्याचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय आणि मुंबईचे हिंदुजा रुग्णालय ही त्यातील केंद्रे होत.